माइक विद्यार्थ्यांचा, सही सरांची

13 फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन. त्या दिवशी कॉलेजांच्या कम्युनिटी रेडिओ केंद्रांत रांगोळी निघेल, प्राचार्यांचा संदेश वाजेल आणि 'विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेलं केंद्र' हे वाक्य दोन-तीन भाषणांत तरी येईलच. वाक्य छान आहे, पण आपल्याकडे ते खरं नाही.

खरं कुठे आहे, तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. तिथलं डब्ल्यूकेसीआर, 89.9 एफएम. एफएमचं तंत्र शोधणारे एडविन आर्मस्ट्राँग याच विद्यापीठात प्राध्यापक होते, त्यामुळे घराण्यात रेडिओ आहेच. एरवी हे केंद्र म्हणजे जॅझवाल्यांची पंढरी. चार्ली पार्करच्या संगीतावर फिल शॅप यांनी इथे अनेक वर्षं सकाळचा कार्यक्रम केला. आपल्या शास्त्रीय संगीताचा 'राग और ताल' हा कार्यक्रमही इथलाच. 30 एप्रिल 2024च्या रात्री मात्र सगळं संगीत बाजूला ठेवलं गेलं. गाझातल्या युद्धाविरोधात आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉलचा ताबा घेतला होता, विद्यापीठाने पोलीस बोलावले होते आणि बाहेरच्या पत्रकारांना आवारात मज्जाव होता. आत होती ती वीस-बावीस वर्षांची मुलं, हातात फोन घेऊन. पोलीस कोणत्या दारातून शिरले, कुणाला कुठे ढकललं, हे ती केंद्राला कळवत होती आणि केंद्र ते हवेत सोडत होतं. ऐकणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की वेबसाइट कोलमडली. योगायोग असा, की त्याच्या 56 वर्षं आधी, 30 एप्रिल 1968लाच, याच इमारतीतून पोलिसांनी आंदोलक बाहेर काढले होते, आणि त्या दिवसांचं वार्तांकनही याच केंद्राने केलं होतं.

यातली खरी गोम कागदावर आहे. डब्ल्यूकेसीआरचा परवाना विद्यार्थ्यांच्या नावावर नाही, तो विद्यापीठाच्या विश्वस्तांच्या नावावर आहे. म्हणजे विश्वस्तांच्याच परवान्यावर मुलं रात्रभर विश्वस्तांचीच बातमी देत होती. आंदोलन बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण घराच्या मालकाची बातमी घराच्याच भोंग्यावरून देता येते, एवढं त्या रात्री दिसलं.

आता आपल्याकडे या. आपल्या कॅम्पस रेडिओचं मूळ एका क्रिकेटच्या भांडणात आहे. 1993च्या हिरो कपचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जुंपली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी 1995मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगून टाकलं, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारला हे पचायला बरीच वर्षं लागली. 2002मध्ये आधी फक्त शिक्षणसंस्थांना परवाने देण्याचं ठरलं (स्वयंसेवी संस्थांचा नंबर 2006मध्ये लागला) आणि 1 फेब्रुवारी 2004ला चेन्नईचं अण्णा एफएम सुरू झालं. पुण्याच्या विद्यापीठाची विद्यावाणी, मुंबई विद्यापीठाचं मस्ट रेडिओ ही सगळी त्यानंतरची मंडळी. ट्रान्समीटर पन्नास वॉटचा, टप्पा पाच-दहा किलोमीटर.

आणि अट एक: बातम्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवायला हरकत नाही. स्वतःची बातमी द्यायची नाही, चालू घडामोडींवर बोलायचं नाही. हवामान, वाहतूक, परीक्षांची माहिती, प्रशासनाने कळवलेली वीज-पाण्याची सूचना चालते. म्हणजे 'उद्या पाणी येणार नाही' हे सांगता येतं. चार दिवस का आलं नाही, हे विचारायला गेलात की पंचाईत. 2024च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जाहिरातींची मर्यादा तासाला 7 मिनिटांवरून 12 मिनिटांवर नेली. बातम्यांसाठी मिनिटभरही सुटलं नाही.

नियमापेक्षा धाक मोठा असतो. मध्यंतरी एका केंद्रात बसलो होतो. भिंतींना करडा फोम, दारावर लाल दिवा, टेबलावर स्क्रिप्टची चळत. प्रत्येक पानाखाली विभागप्रमुखांची सही, कारण सहीशिवाय रेकॉर्डिंग नाही. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने वसतिगृहातल्या पाणीटंचाईवर दहा मिनिटांचा कार्यक्रम लिहिला होता. मुलींशी बोलून, टँकर किती वाजता येतो ते टिपून. सहीला गेलेलं ते स्क्रिप्ट परत आलं तेव्हा त्याचं शीर्षक होतं 'पाणी वाचवा, जीवन वाचवा', आणि टँकर गायब होता. मुलगी हसून म्हणाली, "सर, टँकर तसाही कधी वेळेवर येत नाही."

बंदीच्या बाजूने सांगतात की पोरं काहीही बोलतील, एखाद्याची बदनामी होईल, दोन गटांत मारामाऱ्या होतील. ही भीती खोटी नाही. पण हीच मुलगी खोलीवर जाऊन यूट्यूबवर कुलगुरूंपासून पंतप्रधानांपर्यंत कुणावरही बोलू शकते, आणि ते पाच किलोमीटर नाही, जगभर जातं. बदनामीचा कायदा तिला तिथेही लागू आहे आणि इथेही. मग बंदी नेमकी कशावर? जिथे संपादन शिकवणारे सर बसलेले आहेत, प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायची सक्ती आहे, त्या एकाच जागेवर. याला खबरदारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचंही कारण नाही म्हणा. परवाना विद्यापीठाचा असला की विद्यापीठ तो विकूही शकतं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने विद्यार्थ्यांचं केटीआरयू 95 लाख डॉलरना विकायला काढलं, तर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचं केयूएसएफ जानेवारी 2011मध्ये एका सकाळी अचानक बंद झालं. मुलांच्या हाती मोर्चा काढण्यापलीकडे फारसं काही उरलं नाही.

बातम्यांची बंदी उठवणं दिल्लीच्या हातात आहे आणि दिल्लीला घाई नाही. पण सगळंच दिल्लीवर ढकलू नये. डब्ल्यूकेसीआरवर 1990 ते 1998 स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो यांचा हिप-हॉपचा कार्यक्रम रात्री एक ते पहाटे पाच चालायचा. नॅस, जे-झी, नोटोरियस बीआयजी ही पोरं रेकॉर्ड कंपन्यांनी विचारायच्या आधी तिथे येऊन माइकवर रॅप करून गेली. एवढी मोकळीक मिळाली, कारण ती वेळ दुसऱ्या कुणाला नकोच होती. आपल्या बहुतेक केंद्रांवर रात्री एक तर सकाळचेच कार्यक्रम पुन्हा लागतात, नाही तर कुलूप. रात्री दहा ते दोन मुलांकडे सोपवा. गाणी त्यांची, बडबड त्यांची, वेळापत्रक त्यांचं, आणि सहीची भानगड नाही. यात कोणताही नियम मोडत नाही, कुलसचिवांचं एक पत्र पुरतं. फक्त त्याआधी मुलींच्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं, ते बघावं लागेल.

– कानसेन