घड तोडण्यापूर्वीच अवशेषांची पारख व्हावी

द्राक्षाची पेटी परदेशी बंदरावर पोचल्यानंतर तीत औषधाचा अंश निघाला, तर त्या निदानाचा बागाईतदारास काय उपयोग? २०१० साली नेमके हेच घडले. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागाईतदारांच्या बोलण्यातील सीसीसी, मर्यादेपेक्षा अधिक आढळले व माल अडकून पडला. ती मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे टनास अवघे ५० मिलिग्रॅम होती. निर्यातीपूर्वी माल तपासला जात नव्हता असे नाही. परंतु तपासावयाच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हते. प्रयोगशाळा जे शोधावयास सांगितले असेल तेच शोधते.

रूढ रीतीत द्राक्षांचा लगदा करून तो द्रावकात घुसळतात, अर्क वेगळा काढतात व मग तो यंत्रास देतात. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे हे यंत्र विद्युतभारित कणांना त्यांच्या वस्तुमानावरून ओळखते. त्याचे काम निर्वात पोकळीत चालते, म्हणून पूर्वतयारीचा हा खटाटोप. २००४ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट काढली. विद्युतभारित द्रावकाचे सूक्ष्म तुषार पदार्थाच्या पृष्ठभागावर मारले असता उसळणारे थेंब तेथील द्रव्य उचलून यंत्राच्या तोंडाशी नेतात. पोकळी यंत्राच्या पोटात राहते. मणी मात्र उघड्या हवेत. पुढल्याच वर्षी तप्त हेलियम वायूच्या झोताची रीत आली, आणि २०१० मध्ये कागदाच्या त्रिकोणी तुकड्यावर थेंबभर रस घेऊन तपासण्याची. नमुन्याचा निकाल मिनिटा-दोन मिनिटांत हाती येतो.

म्हणून प्रयोगशाळांची गरज सरली, असे मात्र कोणी समजू नये. सालीवर तुषार मारून मुख्यतः सालीवरचेच कळते. सीसीसी हे खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठी देतात. ते वेलीत भिनते व पुढे फळात उतरते. तेथे रसाचाच थेंब घ्यावयास हवा. शिवाय अमुक औषध आहे की नाही हे ही रीत चटकन सांगते; किती आहे हे सांगताना ती डगमगते, कारण रसातील साखर व आम्ले आड येतात. परदेशी ग्राहकास दाखवावयाचा दाखला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच असला पाहिजे.

तरीही चाळणी म्हणून हिचे मोल मोठे आहे. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पुष्कळ बागांचे नमुने चाळावे व संशयित तेवढेच प्रयोगशाळेकडे धाडावे. तेवढ्या अवधीत काढणी लांबविता येते, किंवा माल अन्य बाजाराकडे वळविता येतो. यंत्र महाग आहे, हेलियमही स्वस्त नाही. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. द्राक्षपट्ट्यातील सहकारी संघ व शासन यांनी मिळून, माल भरण्याच्या केंद्रांजवळच ते बसविणे योग्य होईल. आणखी एखादी टोलेजंग इमारत शहरात उभारण्यापेक्षा हे बरे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम त्याने कमी होणार नाही, उलट वाढेल. बांधाकडेचा देखणा घड उचलून नमुना म्हणून आणण्याची खोड आधी मोडावयास हवी. निरनिराळ्या ओळींतून, उन्हातले व सावलीतले असे दोन्ही घड घ्यावेत. फवारणीची वही त्याच सायंकाळी भरून घ्यावी. शेजारच्या बागेतून वाऱ्याने आलेल्या फवाऱ्याचीही तीत तारखेसह नोंद असावी, कारण यंत्रास औषध दिसते. ते कोणी मारले, हे दिसत नाही.