उंबरठ्याच्या आत



गेल्या चातुर्मासाच्या अखेरच्या दिवसांत, एका चतुर्दशीस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत घराचा उंबरठा न ओलांडण्याचा नियम मी घेतला होता. भंडाऱ्याचे आमचे दुकान चिरंजीव सांभाळीत होते. दुपारी नात येऊन बसली. म्हणाली, "दादाजी, तुमच्या आजच्या नियमावर इंग्रजांचे एक गाणे आहे. ऐकता?"

कानी आली ती बासरी, सरोद, पखवाज आणि हार्मोनियम. गिटारचा मागमूस नव्हता. गाणारा मात्र खरोखरच इंग्रज होता : 'बीटल्स' या विख्यात वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन. गाण्याचे नाव 'द इनर लाइट', अर्थात अंतरीचा प्रकाश.

जानेवारी १९६८ मध्ये एका चित्रपटाच्या संगीतासाठी हॅरिसन मुंबईस आले. तेथील एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात आशिष खाँ, हरिप्रसाद चौरसिया आदी वादकांकडून त्यांनी या गीताचे वाद्यसंगीत मुद्रित करून घेतले. गायन पुढे लंडनमध्ये झाले आणि मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या तबकडीवर, दुसऱ्या बाजूस, हे गीत प्रसिद्ध झाले. शब्दांचा उगम लाओत्सेच्या 'ताओ ते चिंग'मधील सत्तेचाळिसाव्या प्रकरणात आहे. केंब्रिजचे संस्कृतज्ञ जुआन मास्कारो यांनी ते हॅरिसनना सुचविले होते. ज्ञानासाठी घर सोडावे लागत नाही, वणवण वाढली की जाण घटते, असा त्याचा आशय.

"मग हे सांगायला ते विमानाने मुंबईला का आले?" नातीने विचारले. मी हसलो. तिचा दुसरा प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. "दादाजी, सकाळी तुम्ही दुकानात फोन केलात. नियमात ते चालते का?"

लाओत्सेचा विचार ज्ञानाविषयी आहे, आपल्या व्रताचा हेतू त्याहून वेगळा. दिग्व्रताने श्रावक जन्मभरासाठी दिशांची मर्यादा बांधतो. देशावकाशिकाने, ज्यास दिगंबर परंपरेत देशव्रत म्हणतात, ती काही काळापुरती आणखी आखडतो. मर्यादेबाहेरच्या जीवांस तेवढा काळ आपल्यापासून अभय मिळावे, हा त्यामागील भाव.

म्हणूनच तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : मर्यादेबाहेरची वस्तू आणविणे, माणूस पाठवून काम करविणे, आवाजाने खूण करणे, आपले रूप दाखवून इशारा करणे आणि खडा वगैरे फेकून लक्ष वेधणे. पाय आत आणि व्यवहार बाहेर, ही पळवाट आचार्यांनी केव्हाच ओळखली होती. आज घरपोच मागणी, नोकरास निरोप, फोन, व्हिडिओ कॉल आणि मोबाइलवरचा संदेश एवढे मांडले की पाचही रकाने भरतात.

त्या सकाळी घडले ते असे. एक शेतकरी धान घेऊन दुकानी आला होता. आभाळ भरून आले होते, माल भिजण्याची त्यास धास्ती होती. मी फोनवरून चिरंजीवांस म्हणालो, "त्याला घाई आहे, भाव उतरवून घ्या." त्यांनी तसे केले. उंबरठा मी ओलांडला नव्हता. माझा लोभ मात्र दुकानापर्यंत जाऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी फरकाची रक्कम त्या गृहस्थास पोचती केली. नियम भंगला तो भंगलाच; त्याचे प्रायश्चित्त मी गुरुमहाराजांकडे घेतले.

तेव्हापासून नियमाच्या दिवशी मी फोन नातीच्या हवाली करतो. ती तो कपाटात ठेवते, किल्ली स्वतःकडे बाळगते. पहिल्या दिवशी दर घटकेस हात खिशाकडे जाई. व्यापाराने मन किती दूरवर पसरले आहे, ते तेव्हा कळले. वाचकहो, येत्या चतुर्दशीस अवघ्या अर्ध्या दिवसासाठी हा प्रयोग करून पाहावा. दार लावण्यापूर्वी फोन ठेवावा.