बंदुकीचा परवाना आणि पुढाऱ्यांचे आश्वासन

निवडणुकीचा हंगाम जवळ आला म्हणजे आमच्या मुरुडच्या आसपासच्या गावांतून जी भाषणे होतात, त्यांत अलीकडे एका नव्या कलमाची भर पडली आहे. पूर्वी वीज, रस्ता आणि कर्जमाफी एवढ्यावर काम भागत असे. आता रानडुकराचे नाव निघते, खाली बसलेले शेतकरी मान वर करतात, आणि वक्ते छातीठोकपणे सांगतात की, आम्हांस निवडून द्या, शेतकऱ्यास हत्यार बाळगण्याचा हक्क मिळवून देऊ, घरटी बंदूक देऊ. टाळ्या पडतात. त्या का पडतात हे आम्हांस ठाऊक आहे. शेंगेत भरलेल्या तुरीतून एका रात्रीत डुकरांचा कळप गेला म्हणजे सकाळी बांधावर उभ्या राहणाऱ्याची जी अवस्था होते, ती ज्याने पाहिली तो टाळी वाजविणाऱ्यास दोष देणार नाही. आमचा प्रश्न टाळी घेणाऱ्यास आहे.

आमचा सारा जन्म महसूल खात्यात मिसली बांधण्यात आणि आवक-जावक लिहिण्यात गेला. विद्या मराठी शाळेपुरतीच. तेव्हा राजकारणातील मोठे सिद्धांत आम्ही सांगू इच्छीत नाही. परंतु कोणी एखादी वस्तू देतो म्हणाला, म्हणजे ती आज कोणाच्या खात्यावर आहे हे आधी पाहावे, ही खोड आम्हांस जडली आहे.

शस्त्रांचा चालू कायदा 1959 सालचा असून तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्याचे 13वे कलम असे सांगते की, खरोखरच पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास परवाना द्यावयाचा आहे. 'देता येईल' असे नव्हे. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. मात्र तिची नळी वीस इंचांहून कमी नसावी. नाकारण्याची कारणे 14व्या कलमात आहेत, ती लेखी नोंदवावी लागतात, आणि त्यांवर अपील चालते. त्याच कलमात असेही आहे की, अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये. पोलिसांचा अहवाल मुदतीत न आल्यास त्याची अधिक वाट न पाहता हुकूम करण्याची मुभाही परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास आहे. म्हणजे पुढारी जे देऊ म्हणतात ते पार्लमेंटाने साठ वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

मग बंदुका कोठे आहेत? येथे आम्हांस स्वतःचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती सांगताना संकोच वाटतो. एका कचेरीत आम्ही असताना चार एकरांच्या एका शेतकऱ्याचा ठासणीच्या बंदुकीसाठी अर्ज आला. सातबारा जोडलेला होता, पीकपाहणीत भुईमूग आणि तूर लागलेली होती, नुकसानीचा पंचनामाही होता. आम्ही 'ऐपतीचा दाखला नाही' असा शेरा मारून मिसल परत केली. दोन महिन्यांनी तो दाखला घेऊन आला. तोवर पोलिसांचा अहवाल जुना झाला म्हणून तो पुन्हा मागविला. दुसऱ्या वर्षी त्या गृहस्थाने भुईमूग पेरण्याचे सोडले, आणि तिसऱ्या वर्षी अर्जाची आशाही सोडली. ऐपतीचा दाखला का मागावयाचा हे आम्ही कधी विचारले नव्हते. आधीच्या कारकुनाने मागितला म्हणून आम्ही मागितला. 14वे कलम आम्ही वाचले ते निवृत्त झाल्यावर! त्याच टेबलावर दुसऱ्याही मिसली येत. त्यांत शेत नसे, पीक नसे. 'जीवितास धोका' एवढेच शब्द असत आणि वर कोणाच्या तरी शिफारशीची चिठ्ठी टाचलेली असे. त्यांपैकी एखादी परत गेल्याचे आम्हांस आठवत नाही.

आता बंदूक हाती आली असे समजू. तिने डुक्कर मारता येते काय? येत नाही. बंदूक बाळगण्याचा कायदा निराळा आणि जनावर मारण्याचा निराळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकरास किंवा रोह्यास मारावयाचे तर वनखात्याची लेखी परवानगी हवी. आपल्या राज्याने 2015 साली ही परवानगी खालच्या अधिकाऱ्याकडून मिळण्याची सोय केली खरी. परंतु शेतकऱ्याने कळप कोणत्या रात्री येणार हे आधी कळवावे, अशीच जणू अपेक्षा असते. काळविटाचे तर नावच नको. ते पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे पीक खाल्ले या कारणावरून त्यास मारण्याची परवानगी कोणीच देऊ शकत नाही. आणि आमच्या माळावर हरभऱ्याचे शेंडे खाणारे बहुधा तेच असते. परवान्याची बंदूक घेऊन परवानगीवाचून बार काढणारा शेतकरी पीक वाचवील, पण आरोपी होईल. सभेत बंदुकीचे वचन देणाऱ्या एकाही वक्त्याच्या तोंडून हा दुसरा कायदा आम्ही ऐकला नाही.

वरच्या मंडळींतही यावर एकवाक्यता नाही. बिहारात मोकामा भागात 2016 साली रोह्यांची मोठी शिकार झाली, तेव्हा केंद्रातील एक मंत्री मनेका गांधी यांनी आपलेच सहकारी, पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यावर उघड टीका केली, आणि आपल्या चंद्रपुरात 53 रानडुकरे मारल्याचाही दाखला दिला. जावडेकरांचे उत्तर असे की, राज्ये मागणी करतात म्हणून आम्ही परवानगी देतो. एका मंत्रिमंडळात जेथे एक मत नाही, तेथे गावच्या सभेत वचन देणाऱ्याच्या हाती किती असणार?

हत्याराचा हक्क मागण्याची रीत जुनी आहे. लॉर्ड लिटनच्या अमदानीत 1878 साली शस्त्रांचा कायदा झाला आणि हिंदी रयत निःशस्त्र झाली. त्याचा सल सर्वांसच होता. काँग्रेसने 1931 साली केलेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांस अधीन राहून हत्यार बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क घातला होता. पुढे राज्य हाती आले. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामथ यांनी तोच हक्क घटनेत घालण्याची सूचना आणली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परक्या सरकारपुढील मागणी वेगळी होती, आज हा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तो सांगू लागतील आणि राज्य चालविणे अशक्य होईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सूचना नामंजूर झाली. आम्हांस डॉक्टरसाहेबांचे म्हणणे पटते. ज्यास पटत नाही त्यानेही एवढे मानावे की, त्यांनी 'नाही' हे उभे राहून, कारणे देऊन सांगितले. मते मागताना 'होय' आणि मिसल आली म्हणजे मौन, असा व्यवहार केला नाही.

ही चर्चा चालली त्याच वर्षी आमच्या भागाने हत्याराचा अनुभव घेतला होता. तेव्हा मुरुड निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा झाला तो पुढे 1982 साली. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचाच वकील. हत्यारी टोळ्या एका बाजूस आणि निःशस्त्र गावे दुसऱ्या बाजूस, म्हणजे काय होते, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आम्ही ऐकले आहे. सप्टेंबर 1948 च्या 13 ते 17 तारखांत पोलीस कारवाई झाली आणि पारडे फिरले. मग निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे गुदरले तेही याच मातीत गुदरले. सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ पोचल्याचे नोंदविले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे दोन्ही आहेत. घरटी बंदूक ही भाषा आमच्या भागात तरी तोंडातून काढण्यापूर्वी वक्त्याने ते वर्ष आठवावे.

शिवाय बंदुका मुळीच नाहीत असेही नाही. डिसेंबर 2024 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला आणि तेथील हत्यारांच्या परवान्यांचा प्रश्न वर्तमानपत्रांत आला. परवाने हजाराच्या वर निघाले, आणि पुढे कित्येक रद्द करावे लागले. ते सगळे भुईमूग राखण्यासाठी होते असे कोणी म्हणणार नाही. आसामच्या मंत्रिमंडळानेही मे 2025 मध्ये काही भागांतील मूळ रहिवाशांस परवाने सढळपणे देण्याचे ठरविले. विधानसभेच्या निवडणुकीस तेव्हा एक वर्षही उरले नव्हते. खरी सवलत पाहावयाची तर कर्नाटकातील कोडगू पाहावे. तेथील कोडव लोकांस आणि जम्मा धाऱ्याने जमीन धारण करणारांस परवान्यापासून सूट आहे. ती इंग्रजांच्या काळापासूनची, आणि 2019 साली केंद्र सरकारने दहा वर्षांसाठी पुन्हा दिली. तिला अधिसूचना आहे, मुदत आहे, कोणास लागू हे लिहिलेले आहे. आमच्यासारख्या जुन्या कारकुनास अशीच वस्तू 'दिली' असे वाटते.

आणखी एक गोष्ट. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात. सरसकट हुकूम न काढता समितीने प्रत्येक परवान्याची छाननी करावी, अशी पद्धत मुंबई उच्च न्यायालयाच्या 2009 सालच्या एका प्रकरणापासून घालून दिलेली आहे. तरी भित्रा शेतकरी निरोप येताच बंदूक नेऊन ठेवतो. 2024 सालची विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात झाली, म्हणजे तुरीला शेंगा धरण्याच्या आणि हरभरा उगवण्याच्या दिवसांत. ज्या सभेत बंदुकीचे वचन मिळते, त्या सभेच्या दिवशी आहे ती बंदूकही घरी नसते.

अशाच एका सभेत आम्ही उठून वक्त्यांस विचारले की, पीकरक्षणाच्या अर्जांचा निकाल अमुक मुदतीत लावावा, ऐपतीचा दाखला मागू नये, आणि वनखात्याची परवानगी त्याच अर्जावर मिळावी, एवढे तीन हुकूम आपण काढवून आणाल काय? त्यांनी हसून, "काका, लिहून द्या, पाहू," असे म्हटले. आम्ही खिशातील कागद काढून दिला; आधीच लिहून नेला होता. तो त्यांनी शेजारच्या माणसाकडे दिला, त्याने मागच्याकडे दिला. चार महिन्यांनी त्यांच्या कार्यालयात आवक क्रमांक विचारावयास गेलो, तेव्हा असा कागद नोंदीस नाही असे सांगण्यात आले. प्रत आमच्यापाशी आहे. या वेळी ती रजिस्टर टपालाने पाठविली आहे.