हरलेल्या नेत्याची कमाई

फिजीच्या राजकारणात जयराम रेड्डी यांना पंतप्रधानपद कधी मिळाले नाही. सत्तेत ते जेमतेम महिनाभर होते. आयुष्यातला सर्वात मोठा राजकीय करार त्यांनी ज्या निवडणुकीत मतदारांपुढे ठेवला, त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाची एकही जागा आली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ते वारले तेव्हा चेन्नईत किंवा मुंबईत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. ती घ्यायला हवी होती. विरोधी बाकावरून न्यायासनाकडे जाणारी वाट आपल्याकडे नेहमी संशयाने पाहिली जाते, आणि रेड्डी ती कशी चालले हे आपल्या आजच्या वादांना थेट भिडणारे आहे.

मद्रास बंदराचा आणि फिजीचा संबंध १९०३ पासूनचा. कलकत्त्याहून मजुरांची जहाजे १८७९ पासूनच जात होती. भरती कमी पडू लागली तेव्हा दलालांनी मोर्चा तेलुगू आणि तमिळ मुलखाकडे वळवला आणि १९१६ पर्यंत सुमारे पंधरा हजार माणसे मद्रासहून फिजीला गेली. कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीचे उसाचे मळे, पाच वर्षांचा करार, काम चुकले तर फौजदारी शिक्षा. ही पद्धतच बंद करा, असा ठराव गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला होता. सरकारी मतांनी तो पडला आणि जहाजे आणखी चार वर्षे सुटत राहिली. या दक्षिण भारतीय समाजात, लौटोका या साखर कारखान्याच्या गावी, १९३७ मध्ये रेड्डी जन्मले. न्यूझीलंडमध्ये कायदा शिकून आले, वकिली केली आणि १९७२ मध्ये नॅशनल फेडरेशन पक्षातर्फे सिनेटमध्ये गेले.

हा पक्ष भारतीय वंशाच्या ऊस शेतकऱ्यांचा, आणि भाऊबंदकीत आपल्या कुठल्याही पक्षाला हार न जाणारा. एप्रिल १९७७ मध्ये ५२ पैकी २६ जागा जिंकूनही सरकार कोणी चालवायचे यावर त्यांच्यात घोळ चालू राहिला. चौथ्या दिवशी गव्हर्नर जनरलांनी पराभूत रातू मारा यांनाच पुन्हा पंतप्रधान केले. हातातोंडाशी आलेला घास असा गेल्यावर पक्ष उभा फुटला. एका गटाचे चिन्ह कबुतर, दुसऱ्याचे फूल. सप्टेंबरात पुन्हा निवडणूक झाली तेव्हा फुलवाल्या रेड्डींनी खुद्द पक्षनेते सिद्दिक कोया यांना लौटोकात हरवले आणि ते विरोधी पक्षनेते झाले. पुढे १९८२ पर्यंत त्यांनी दोन्ही गट पुन्हा एका छताखाली आणले. पाडलेल्या माणसालाच बरोबर घेऊन काम करायचे, ही सवय त्यांना तिथे लागली असावी.

माणूस मात्र मानी होता. १९८३ च्या अखेरीस सभापती तोमासी वाकातोरा यांच्याशी त्यांची सभागृहात ठिणगी उडाली. वाकातोरा त्या खुर्चीत आहेत तोवर या सभागृहात पाऊल टाकणार नाही, असे सांगून ते बाहेर पडले आणि त्यांनी विरोधी पक्षनेतेपदही सोडले. चेन्नईकरांना यावरून २५ मार्च १९८९ हा दिवस आठवेल. त्या दिवशी तमिळनाडू विधानसभेत धक्काबुक्की झाली आणि जयललिता यांनी, आता परतेन ती मुख्यमंत्री होऊनच, अशी प्रतिज्ञा केली. त्यांनी ती दोन वर्षांत खरी करून दाखवली. पण त्या दिवसाची कटुता राज्याच्या राजकारणात पुढे किती वर्षे मुरली, हे तिथले लोक जाणतात. रेड्डींची प्रतिज्ञा वेगळ्या वळणावर गेली. ते वळण येण्याआधी मात्र बरेच काही घडायचे होते.

एप्रिल १९८७ मध्ये तिमोचि बावाद्रा यांचे आघाडी सरकार आले आणि रेड्डी महान्यायवादी व न्यायमंत्री झाले. १४ मे रोजी लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी संसदेत सैनिक घुसवून सरकार ताब्यात घेतले. १८७९ मध्ये पहिले मजूर जहाज फिजीला लागले तोही १४ मेच. मग १९९० ची राज्यघटना आली. लोकसंख्येत भारतीय तेव्हा जवळजवळ निम्मे होते, जागा मात्र ७० पैकी २७, आणि पंतप्रधान मूळ फिजी वंशाचाच असणार हे कलमानेच पक्के केलेले. हजारो भारतीय कुटुंबांनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाची वाट धरली. रेड्डींनी त्याच अन्यायी घटनेखाली १९९२ ची निवडणूक लढवली आणि पंतप्रधान राबुका यांच्यासमोर विरोधी पक्षनेते म्हणून बसले. बंदुकीच्या जोरावर आपल्याला खुर्चीवरून उठवणाऱ्या माणसाशी रोज प्रश्नोत्तरे करायची! बहिष्कार हा याहून सोपा मार्ग होता, आणि टाळ्या मिळवणाराही.

पाच वर्षे ते बोलत राहिले. घटनेचा फेरविचार करायला तिघांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष न्यूझीलंडचे सर पॉल रीव्ज. विरोधी पक्षाच्या बाजूने इतिहासकार ब्रिज लाल. आणि सरकारच्या बाजूने तेच तोमासी वाकातोरा, ज्यांचे तोंडही पाहायचे नाही म्हणून रेड्डींनी संसद सोडली होती. आयोगाने १९९६ मध्ये एकमुखी अहवाल दिला. जून १९९७ मध्ये रेड्डी फिजीच्या सरदारांच्या महापरिषदेपुढे बोलायला उभे राहिले. भारतीय वंशाच्या नेत्याला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. वंशपरंपरेने जमिनीचे धनी असलेल्या सरदारांपुढे, जमीन खंडाने कसणाऱ्यांचा हा प्रतिनिधी. तुम्ही साऱ्याच फिजीचे सरदार आहात, आमचेसुद्धा, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. यात लाचारी आहे असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्हाला तो अस्सल वकिली डाव वाटतो. ज्याच्या हाती निकाल आहे त्याला आधी मोठेपणा द्यायचा आणि मग त्या मोठेपणाची जबाबदारी त्याच्या गळ्यात घालायची. महिनाभरात संसदेने नवी घटना मंजूर केली.

ती निर्दोष मुळीच नव्हती. आयोगाने बहुतेक जागा सर्वांना खुल्या ठेवायला सांगितले होते. संसदेने ७१ पैकी ४६ वंशवार ठेवल्या आणि अवघ्या २५ खुल्या केल्या. इथे रेड्डी कमी पडले असे आमचे मत आहे. पण पंतप्रधानपदावरचा वंशाचा अडसर निघाला आणि दहा टक्के जागा मिळवणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात स्थान देणे बंधनकारक झाले.

मग १९९९ ची निवडणूक आली. रेड्डी राबुकांशी युती करून मतदारांपुढे गेले. बंडवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसला, हा प्रचार महेंद्र चौधरींच्या मजूर पक्षाने घराघरांत नेला. १९९२ मध्ये राबुका पंतप्रधान झाले ते याच मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर, हे मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाही. नॅशनल फेडरेशन पक्षाचा भोपळाही फुटला नाही. रेड्डी स्वतः पडले. चौधरी पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान झाले, रेड्डींनी मिळवून दिलेल्या घटनेमुळे. आणि बरोबर वर्षाने, १९ मे २००० रोजी, जॉर्ज स्पाइटने त्यांना संसदेतच ओलीस धरले. त्या धामधुमीत घरातून हाकलला गेलेला चंद्रिका प्रसाद नावाचा शेतकरी न्यायालयात गेला. मार्च २००१ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की १९९७ ची घटना रद्द झालेली नाही, ती जिवंत आहे. मतपेटीत हरलेला करार कोर्टात टिकला. पुढे २००९ मध्ये लष्करी राजवटीने ती घटना पुसून टाकली, ती गोष्ट निराळी.

रेड्डींनी राजकारणाला रामराम ठोकला. ते अपील न्यायालयाचे अध्यक्ष झाले आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांना रवांडाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणावर निवडले. टांझानियातल्या अरुशा इथे कर्नल थिओनेस्ते बागोसोरा आणि इतर तिघा लष्करी अधिकाऱ्यांचा खटला ज्या तिघा न्यायमूर्तींपुढे चालला, त्यांतले रेड्डी एक. १८ डिसेंबर २००८ रोजी बागोसोराला वंशसंहाराबद्दल जन्मठेप झाली. पण कटाचा आरोप याच न्यायपीठाने पुराव्याअभावी मान्य केला नाही आणि एका अधिकाऱ्याला पूर्ण दोषमुक्त केले. सारे जग शिक्षेची वाट पाहत असताना असे लिहायला मन थंड असावे लागते.

राजकारणातून न्यायासनावर जाण्याचा वाद आपल्याकडेही नवा नाही. १९५२ मध्ये कम्युनिस्टांच्या पाठिंब्याने मद्रास विधानसभेत गेलेले आणि पुढे केरळात मंत्री झालेले व्ही. आर. कृष्ण अय्यर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा वकीलवर्गातून विरोध झाला होता. उलट दिशेने, मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्तिपदाची सुरुवात केलेले के. सुब्बा राव १९६७ मध्ये सरन्यायाधीशपद सोडून विरोधकांचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार झाले. २०२३ मध्ये भाजप महिला मोर्चाच्या माजी पदाधिकारी एल. व्हिक्टोरिया गौरी यांना मद्रास उच्च न्यायालयावर नेमले तेव्हा, आणि २०२५ मध्ये त्याच पक्षाच्या माजी प्रवक्त्या आरती साठे यांचे नाव मुंबई उच्च न्यायालयासाठी पुढे आले तेव्हा, पुन्हा तोच प्रश्न निघाला: ही व्यक्ती पक्षात होती की नाही?

हा प्रश्न अपुरा आहे. पक्षात असताना ती व्यक्ती विरोधकाशी, अल्पसंख्याकाशी, नको असलेल्या सभापतीशी कशी वागली, हे विचारायला हवे. राजकारणातून येणाऱ्याच्या बाबतीत ते तपासणे उलट सोपे, कारण त्याची भाषणे, मुलाखती आणि सभागृहातली कामकाजपत्रे उघड्यावर पडलेली असतात. न्यायवृंदाने शिफारस करताना ही कागदपत्रे पाहिली का, त्यात काय आढळले आणि ते कशामुळे आड आले नाही, हे चार ओळींत लिहून नावाबरोबर प्रसिद्ध करावे. सर्वोच्च न्यायालयात आव्हान आल्यावर, शपथविधी तोंडावर असताना, याची चर्चा करण्यात अर्थ नाही.