मृत गव्हर्नराने ‘शोधलेले’ लोणावळे

लोणावळे-खंडाळ्याची माहिती देणारी पर्यटन-पत्रके चाळली, तर एक वाक्य हमखास भेटते. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८७१ मध्ये हे ठिकाण शोधून काढले, असे ते वाक्य सांगते. पण कोणते एल्फिन्स्टन?

मुंबईला या नावाचे दोन गव्हर्नर लाभले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८११ पासून पुणे दरबारी रेसिडेंट होते. पेशवाई बुडविण्यात त्यांचाच पुढाकार होता. पुढे १८१९ ते १८२७ अशी सलग आठ वर्षे त्यांनी मुंबईचा कारभार पाहिला. ते विद्याव्यासंगी होते, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण १८५९ मध्ये ते निवर्तले. त्यांचे पुतणे लॉर्ड एल्फिन्स्टन १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर होते. तेही १८६० मध्ये वारले. १८७१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर होते सर सेमूर फिट्झजेराल्ड! म्हणजे लोणावळ्याचा शोध एल्फिन्स्टन यांनी मरणोत्तर लावला म्हणायचे काय?

आणि शोध तरी कशाचा? कार्ले-भाज्याची लेणी दोन हजार वर्षांपासून येथे उभी आहेत. बोरघाटाने व्यापारी तांडे चढत-उतरत होते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेलेला लोहगड शिवछत्रपतींनी १६७० मध्ये परत घेतला, तो याच मावळात. खुद्द इंग्रजांनाही ही वाट अपरिचित नव्हती. १७७८ च्या अखेरीस त्यांची फौज हाच घाट चढून आली. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, मराठ्यांचा ‘इष्टूर फाकडा’, पडला आणि वडगावला इंग्रजांनी नामुष्कीचा तह केला. योगायोग असा, की माउंटस्टुअर्टसाहेबांचा जन्मही त्याच वर्षीचा! पुढे १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली. त्या बांधकामात हजारो मजूर राबले, कित्येक दगावले. त्यांच्या नावाचा फलक मात्र कोणी लावत नाही.

मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. स्थानकावरची पाटी बदलता येते; मनावरची पाटी पुसणे अवघड. साहेबाने पाहिले तेव्हाच आपली भूमी अस्तित्वात आली, असे मानणारी ही मानसिकता आहे. ती स्वातंत्र्यानंतरही आपणच जोपासत आहोत.

मावळातील शिक्षकांनी, वाटाड्यांनी आणि पत्रके छापणाऱ्यांनी हे एक वाक्य आता खोडावे. आपल्या मुलांना मावळची ओळख लोहगडाने आणि कार्ल्याने व्हावी. अकरा वर्षांपूर्वीच मरण पावलेल्या गव्हर्नराच्या ‘शोधा’ने नव्हे.