सूर्यावरचे वादळ आणि आपले घर



"सूर्यावरून वादळ येत आहे, रात्री मोबाईल बंद ठेवा, गरोदर बाईने बाहेर पडू नये," असे निरोप हल्ली मोबाईलवर फिरतात. पणदऱ्यासारख्या गावातही मग घरोघरी त्याची चर्चा होते. म्हणून या वेळी या वादळाचीच ओळख करून घेऊ.

सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याच्यावर काळे डाग दिसतात. तिथे चुंबकीय शक्तीचा ताण वाढत जातो आणि एकाएकी सुटतो. हीच सौरज्वाला. तिचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत इथे पोचतात आणि ज्या बाजूला दिवस असेल तिथला लघुलहरी रेडिओ काही वेळ बंद पाडतात. कधी विद्युतभारित कणांचा प्रचंड ढगही सुटतो. तो बहुधा एक ते तीन दिवसांत येतो आणि पृथ्वीचे चुंबकत्व हेलकावे खाऊ लागते.

अशा एका फार मोठ्या वादळाची नोंद आपल्या मुंबईत झाली आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांनी सौरज्वाला पाहिली. दुसऱ्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकत्वाचे माप सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळले. मे २०२४ च्या मोठ्या वादळात जगाची सरासरी घट ४०० च्या आसपास होती, यावरून अंदाज यावा. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली. कुलाब्यात मात्र आकडे हाताने लिहिले जात होते. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाचे माप काढले. चोख नोंद दीडशे वर्षांनीही कामी येते, हे आम्हा कारकुनी करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको! पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मापे बिघडतील, म्हणून १९०४ साली अलिबागला वेधशाळा उभारली. ती आजही काम करते.

आता धोका कशाला? तारांना, रेडिओला, उपग्रहांना. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. तो भाग ध्रुवाकडचा. आपल्याकडे परिणाम बराच सौम्य असतो. जमिनीवरच्या माणसाला, पोटातल्या बाळाला या वादळाने इजा होत नाही, कारण पृथ्वीचे वातावरण आणि चुंबकत्व आपली ढाल आहे. उन्हाचा ताव त्याने वाढत नाही. ऊसतोडीतल्या माणसाला उष्माघाताची काळजी हवी, वादळाची नको. गावातली लाईट गेली तर आधी डीपी पाहावी, वायरमनला गाठावे!

वादळावर नजर ठेवणारे आपलेही आहेत. २ सप्टेंबर २०२३ रोजी 'आदित्य एल-१' यान निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचले. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेने घडवली आहे.

हे आपल्या समाजाने का समजून घ्यावे? ग्रहण लागले की आपल्या आज्या-पणज्यांना "दे दान, सुटे गिराण" अशी हाळी देत दारोदार फिरावे लागे. राहू-केतू सूर्याला गिळतात आणि अस्पृश्याला दान दिले की तो सुटतो, ही समजूत! दुसऱ्यांच्या भीतीतून आपल्या पदरात शिळे तुकडे आणि जुनेर पडे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी तुकडे मागणे सोडा म्हणून सांगितले, १९५६ साली नागपूरला धम्म दिला. त्या भीतीचा धंदा आता मोबाईलवर आला आहे. आपण त्याचे गिऱ्हाईक व्हायचे का?

ऐकले, चालत आले, मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, अशीच भगवान बुद्धांची कालाम सुत्तात शिकवण आहे. तेव्हा असा निरोप आला तर पुढे ढकलण्याआधी विचारा : हे कुणी मोजले? कुठे नोंदवले? रविवारी विहारात वंदनेनंतर मुलांना हा धडा समजावून द्या. जमल्यास त्यांना जुन्नर तालुक्यात खोडदला नेऊन तिथली महाकाय रेडिओ दुर्बीण दाखवा. सूर्याला भिणारी नव्हे, त्याचे मोजमाप घेणारी पोर आपल्या वस्तीतून निघाली पाहिजे.