अवधचा दिग्दर्शक, मुंबईचा सिनेमा

लखनौच्या गोमती नगरातल्या भारतेंदु नाट्य अकादमीत शिकलेल्या मुलांची वाट बहुधा मुंबईकडेच वळते. मुझफ्फर अलींनी १९७८ साली या वाटेवरच ‘गमन’ काढला. अवधचा गुलाम हसन मुंबईत टॅक्सी चालवतो. गावी त्याची वाट पाहणारी बायको म्हणजे आपली स्मिता पाटील. नाना पाटेकरांचं पडद्यावरचं पदार्पणही यातलंच! १९८१चा ‘उमराव जान’ गाजला, ‘अंजुमन’ने लखनौच्या चिकन-कारागीर बायकांची परवड दाखवली. काश्मीरमधला ‘झूनी’ मात्र तिथल्या अशांततेमुळे अर्धाच राहिला, आणि ‘जाँनिसार’ यायला २०१५ उजाडलं. नुसत्या ‘उमराव जान’च्या गाण्यांवर अलींना ओळखणाऱ्यांनी ‘गमन’ एकदा बघावाच. मुंबईवर इतका खरा हिंदी सिनेमा क्वचितच निघाला असेल.